दोन बायांचा कोयता

दिवाळीची सुट्टी संपवून मी नगरच्या वसतिगृहावर परतले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी रस्त्यावरून घुंगरांचा आवाज आला. खिडकीशी गेले. ऊसतोडीच्या गाड्या चालल्या होत्या, एकामागून एक. दुष्काळाच्या वर्षांत हा आवाज असा सलग ऐकू आला नव्हता. ऊसच नव्हता, तर गाड्या कुठून निघणार? आमच्याकडची माणसं तेव्हा खडी फोडायला आणि बांध घालायला जात होती. यंदा पाटाला पाणी आलं, ऊस उभा राहिला, गाड्या पुन्हा बाहेर पडल्या.

प्रत्येक गाडीत एक अख्खं घर असतं. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, तवा, पाट्या, डालग्यातल्या कोंबड्या, कडब्यावर झोपलेलं पोर. मागे बांधलेली शेळी चालत असते, आणि पुष्कळदा शेळीच्या जोडीनं घरची बाईही. माझ्या खोलीतली मुलगी खिडकीशी येऊन म्हणाली, "किती छान ना! सहलीला निघाल्यासारखे दिसतात." ती चांगली मुलगी आहे. मी नुसतं "हं" म्हटलं आणि गाड्या संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. आमच्या गावची टोळी या रस्त्यानं येत नाही, ती शेवगावकडून जाते, हे ठाऊक असूनही प्रत्येक गाडीवरचे चेहरे पाहत राहिले.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. जमीन आहे, पण ती पावसावर. त्यामुळे दसरा झाला की मुकादम घरोघर फिरून टोळी जमवतो आणि अर्धं गाव साखर कारखान्याच्या भागात जातं. मी मामांकडे राहून शिकले म्हणून माझ्या हाती पुस्तक आलं. माझी मोठी बहीण हौसा, जिला मी आक्का म्हणते, तिच्या हाती ते आलं नाही.

टोळीत मोजदाद माणसांची नसते, कोयत्यांची असते. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. काट्यावर जे वजन भरेल ते त्या एका कोयत्याचं, आणि त्याची मजुरी नवऱ्याच्या हातात. लहानपणी मला यात काहीच वेगळं वाटलं नाही. दोन बैलांना एक जू असतं, तसंच हे, असं वाटायचं. जू कुणाच्या मानेवर जास्त टेकतं हा प्रश्न तेव्हा सुचायचा नव्हता.

तो सुचला दुष्काळाच्या आदल्या हंगामात. त्या हंगामाबद्दल लिहावं असं फार दिवस मनात आहे. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

आक्काला मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं तिला टाकलं. पंचांपुढे काडीमोड झाली आणि ती आमच्याकडे आली. दसऱ्यानंतर मुकादम बाबुराव आमच्या ओट्यावर येऊन बसले, तेव्हा ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मुकादम, औंदा मला बी घ्या."

"हौसाबाई, तुजं काम मला म्हाईती हाय," ते म्हणाले. "पन अर्धा कोयता कसा घेऊ मी?"

"अर्धा का म्हनून? मला तोडाया बी येतंय आन् व्हाया बी येतंय."

"येत आसंल. पन हिशेबात बसत न्हाई." मग ते आईकडे वळले. "त्यापरीस काशिनाथचं बघा की. बायकू वारली त्याची. त्याचा बी कोयता मोडलाय. दोन अर्धं मिळून येक व्हईल."

काशिनाथ आमच्याच गावातला. दोन लहान मुलं, गरीब स्वभाव. आईला हे आवडलं. पाट लागेल, म्हणजे दुसरं लग्न होईल, लेक मार्गी लागेल. आक्का मात्र म्हणाली, "ऊस तोडाया नवरा करायचा व्हय?"

"समदं जग करतंय," आई म्हणाली. "तुलाच काय शिंगं फुटलीत?"

त्या वेळी शेजारच्या कौसामावशी आमच्या दारात मिश्री लावत बसल्या होत्या. विधवा बाई, मुलगा पुण्याला हॉटेलात. त्यांनी तोंडातलं बोट काढलं आणि म्हणाल्या, "बाबुराव, आमी दोगी मिळून येक कोयता. ल्हून घ्या."

ओट्यावरचे गडी खो खो हसले. मुकादमांनीही विचारलं, "आन् तुमच्यातला गडी कोन?"

"ज्या दिशी जिची कंबर कमी दुखंल ती," मावशी म्हणाल्या.

पुन्हा हशा झाला, पण हा हशा जरा वेगळा होता. त्या वर्षी टोळीला माणसं कमी पडत होती. मुकादम तयार झाले, पण अट घालून. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, हा कोयता टिकला तर पुढच्या साली पाहू. मधेच मोडला तर आक्कानं मुकाट्यानं काशिनाथशी पाट लावायचा. आईनं तिथल्या तिथे शब्द दिला. आक्काला कुणी विचारलं नाही. तिनं मान हलवली नाही आणि नकारही दिला नाही. ती गाडीच्या वंगणाचं बघायला निघून गेली.

मी नगरला परतले. आमच्या कॉलेजातल्या एका तरुण सरांच्या खोलीवर दर रविवारी अभ्यासमंडळ भरायचं. आठ-दहा विद्यार्थी असायचो, मुलगी मी एकटीच. जिन्याजवळची जागा मी धरून ठेवलेली असे, म्हणजे वाटलं तर पटकन उठून जाता यावं. त्या रविवारी विषय होता स्त्रियांच्या दास्याचा. सर सांगत होते की बाईचं हे दुय्यमपण निसर्गानं दिलेलं नाही. मालमत्ता खाजगी झाली, ती आपल्याच मुलाला मिळावी असं पुरुषाला वाटू लागलं, आणि त्यासाठी बाई घरात बांधली गेली. हे मार्क्सवादी म्हणणं ऐकून मला पहिल्यांदा छातीत मोकळं वाटलं. जे कधीतरी सुरू झालं ते कधीतरी संपूही शकतं, एवढंच मी त्यातून घेतलं. मग सर म्हणाले, बाई घराबाहेर पडून उत्पादनाच्या कामात उतरली की तिच्या सुटकेची वाट सुरू होते.

मी मंडळात कधी बोलत नसे. त्या दिवशी कशी बोलले, कोण जाणे. "सर, माझी आई लग्न झाल्यापासून घराबाहेरच आहे. उसाच्या फडात. तिची वाट कधी सुरू होणार?"

दोघंतिघं हसले. त्यात वाईट काही नव्हतं. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ती घराबाहेर गेली, तेव्हा घर मागे राहिलं की बरोबर गेलं?"

मला आमची गाडी दिसली. तवा, पोतं, डालगं. "बरोबर जातं, सर. गाडीत घालून."

"मग तुझा प्रश्न खरा आहे," ते म्हणाले. "माझ्याजवळ याचं पुरतं उत्तर नाही. तुला काही सापडलं तर सांग."

एखादा शिक्षक आपल्यालाच काहीतरी शोधून आणायला सांगतो, याची मला सवय नव्हती. नाताळच्या सुट्टीत अर्थशास्त्राचं पुस्तक पिशवीत घातलं आणि मी आक्काकडे फडावर गेले. आई-वडिलांची गाडी तेव्हा दुसऱ्या फडावर लागली होती.

तिकडचा प्रदेश आमच्यासारखा नाही. जिकडे बघावं तिकडे हिरवं, पाटाचं पाणी, आणि पाण्यावरून येणारा गारठा. कारखान्याचा भोंगा वाजला की कुत्री सूर धरायची. मळीचा आंबूस-गोड वास हवेत सतत असायचा. पहिल्या दिवशी तो नकोसा वाटला, मग भाकरीच्या घासातही जाणवेनासा झाला. टोळीच्या कोप्या एका पडीक रानात ओळीनं उभ्या होत्या. बांबूच्या कमानीवर पाचट टाकलं की कोपी झाली, आत वाकूनच जायचं. आक्का आणि मावशीची कोपी सगळ्यात शेवटी होती.

इतर कोप्यांत बाई पहाटे आधी उठायची, भाकरी थापायची, आणि मग नवऱ्याला हाक मारायची. या कोपीत पहिल्याच दिवशी पंचाईत झाली होती. आक्कानं हसत हसत सांगितलं, "दोगी बी येकदमच उठलो आन् दोगी बी चुलीपुढं. मी म्हनलं, मावशी, तुमी थोरल्या, तुमी पडा. ती म्हनली, तुजं कवळं हाड, तू पड. शेवटी पाळ्या लावल्या. येक दिस ती, येक दिस मी. जिची पाळी न्हाई तिनं मुकाट पडून ऱ्हायचं."

मग ती माझ्याजवळ सरकली. "शांते, तुला सांगू? मावशीनं वाढलेलं ताट पैल्यांदा पुढं आलं, तवा घास गिळंना मला."

"तिखट होतं?"

"न्हाई गं. बसल्या जागी मला कुनी कंदी वाढलंच नव्हतं. बाया बाळंतपनात तेवढ्या बसून खात्यात. मला तर बाळंतपन बी न्हाई."

तिनं ते सहज सांगितलं आणि कोयत्याला धार लावायला घेतली. मी पुस्तक उघडून बसले होते. बराच वेळ तेच पान समोर होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून म्हटलं, "मी असेपर्यंत भाकरी मी करीन. तुम्ही दोघी दमता." कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. पाहुणी म्हणून आले होते, अभ्यासाला आले होते, पण पाय चुलीकडेच वळले. दोघींना बरं वाटलं. मावशींनी तर माझ्या तोंडावरून हात फिरवला.

पहिले दोन-तीन दिवस कौतुकाचे गेले. मग माझ्या लक्षात येऊ लागलं, की काहीतरी बदलतं आहे. दोघी फडातून यायच्या, कोयते कोपीला टेकवायच्या आणि बसून घ्यायच्या. मावशी पाय पसरून म्हणायच्या, "शांते, पानी आन गं." पाणी दिलं की, "पाय धुवाया बी आन." आक्का माझ्याकडे न बघता ताट पुढे सरकवायची. मी सकाळी पाटावरून पाणी आणायची, जळण गोळा करायची, धुणं, शेळीचा पाला, दुपारची भाकरी फडात पोचवायची, संध्याकाळचं कालवण. पुस्तक वाकळेखाली गेलं ते तिथेच राहिलं.

एका संध्याकाळी आक्कानं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ हाय का न्हाई ह्यात? दिसभर बसून येवढं बी जमंना व्हय?"

मी चुलीपुढे होते. धुरानं डोळे आधीच भरले होते. म्हटलं, "दिवसभर बसले नव्हते."

मग मावशींना हसू फुटलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अगं हौसे," त्या म्हणाल्या, "ही तर तुज्या नवऱ्याची बोली!"

आक्काचा घास हातात तसाच राहिला. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "खरंच की गं." एवढंच. मग उठली, मिठाचा डबा घेतला, आधी माझ्या ताटात चिमूट टाकली, मग स्वतःच्या.

दुसऱ्या पहाटे मी जागी झाले तर चूल पेटलेली होती आणि आक्का भाकरी थापत होती. "आज माजी पाळी," ती म्हणाली. "उद्या मावशीची. परवा तुजी. तवर पुस्तक काढ."

पुढे कितीतरी दिवस मी या गोष्टीचा विचार करत होते. आक्का वाईट नाही. तिच्याइतकं मला कुणी जपलेलं नाही. तरी चार दिवस तयार ताट मिळालं आणि ज्या तोंडून तिनं आयुष्यभर ऐकलं, ते तोंड तिला आलं. म्हणजे ती बोली पुरुषाच्या रक्तात नसते, ती जागेत असते. चुलीच्या या बाजूला बसणाऱ्याला त्या बाजूचं काम दिसत नाही. पण मग मला भीती वाटते, की असं म्हणून मी पुरुषांना फार स्वस्तात सोडते आहे. आक्काला एका टोमण्यात कळलं, कारण ती कालपर्यंत त्या बाजूला होती. माझ्या वडिलांना त्या बाजूला कधी बसावंच लागलं नाही. त्यांना कळायचं कसं? आणि कळून त्यांचा फायदा काय?

आणखीही एक आहे. पहाटेची ती भाकरी नुसती नवऱ्यासाठी नसते. ती खाऊन तो फडात उतरतो, दिवसभर तोडतो, संध्याकाळी मोडून येतो, आणि रात्रीतून त्याला पुन्हा उभं करायचं काम बाई करते. दुसऱ्या दिवशी कारखान्याला ताजा माणूस मिळतो. ऊस काट्यावर जातो, भाकरी कधी काट्यावर जात नाही. मग बाईला कोण लुटतं, नवरा की कारखाना? मंडळात आम्ही हे दोन वेगळे प्रश्न धरून भांडायचो, आधी कोणता सोडवायचा म्हणून. फडावर ते मला वेगळे करता आले नाहीत. कारखान्याला नवरा-बायकोचा मिळून एकच हिशेब सोयीचा पडतो, आणि नवऱ्यालाही तोच सोयीचा पडतो. दोघांनी कधी बसून ठरवलं नसेल, पण जमलं आहे खरं.

सुट्टीनंतर मी हे सगळं मंडळात अडखळत सांगितलं. सर भिंतीला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "पाळ्या. हा शब्द आपण वापरतच नाही." एका मुलानं मात्र विचारलं, "पण मिठाच्या भांडणात वर्गसंघर्ष कुठे आहे?" जिना उतरताना आठवलं, की त्या मुलाचा डबा रोज दुपारी एक म्हातारी बाई तीन मजले चढून पोचवते. पुन्हा वर जाऊन सांगावं असं वाटलं, पण धीर झाला नाही.

संक्रांतीनंतर मावशींना ताप भरला. हे मला नंतर आक्काकडून कळलं. मुकादम आले आणि म्हणाले, "मोडला न्हवं कोयता?" काशिनाथ त्याच टोळीत भावाच्या गाडीवर होता. मुकादमांनी सुचवलं, त्यानं तोडावं, आक्कानं वाहावं, जमलं की तसंच पुढे चालू द्यावं. आक्का म्हणाली, "मोडला न्हाई. येक पातं आजारी हाय." आणि एकटी तोडायला लागली.

तोडायचं जमत होतं, वाहायचं कधी? दुपारी तिनं मागे वळून पाहिलं तर तिच्या मोळ्या कमी झाल्या होत्या. शेजारच्या सरीतल्या बायका आपली मोळी गाडीवर टाकून परत येताना वाट वाकडी करत होत्या आणि एकेक तिची उचलत होत्या. कुणी ठरवलं नव्हतं. गडी ओरडले, गाड्या भरायला उशीर होतोय म्हणून. एक जण बायकोला म्हणाला, "तुला आपलं काम थोडं हाय व्हय?" ती म्हणाली, "आपलंच हाय." मावशी उठून बसेपर्यंत हे असंच चाललं. कोयता पट्टा पडेपर्यंत टिकला.

मग पाऊस गेला. पुढच्या साली ऊसही नाही आणि मुकादमही नाही. आक्का सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथे हजेरी घेताना तिचं नाव स्वतंत्र पुकारत. सुट्टीत मी तिला भेटायला गेले तेव्हा तिचे ओठ फुटलेले होते, हातांना फोड आले होते, आणि तरी ती मला म्हणाली, "हितं कुनी इचारत न्हाई, गडी कुटाय म्हनून." दुष्काळाबद्दल चांगलं बोलायला माझी जीभ वळत नाही. पण चांगल्या हंगामात अर्धी धरलेली बाई त्या वाईट दिवसांत पूर्ण एक धरली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

यंदाच्या दिवाळीत मी घरी होते. मुकादम पुन्हा ओट्यावर आले आणि येताना काशिनाथला घेऊन आले. बसता बसताच म्हणाले, "हौसाबाई, मागलं इसरा. तवा मानसं न्हवती. औंदा गडी बक्कळ हायेत. दोन बायांचा कोयता मला परवडत न्हाई. काशिनाथ तयार हाय. पाट लावा, उद्या नाव घालतो."

आईनं आक्काच्या हाती चहाच्या कपबश्या दिल्या आणि तिला पुढे ढकललं. काशिनाथ खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "माजी बळजबरी न्हाई. पोरांची आबाळ व्हती, म्हनून आलो."

आक्कानं चहा खाली ठेवला. "येक इचारू? भाकरी येती का तुमाला?"

मुकादम हसले. वडील हसले. काशिनाथ हसला नाही. तो विचार करत होता, की हे खरंच विचारलं आहे का. "न्हाई," तो म्हणाला. "वयनी करती समद्यांच्या."

"मंग शिका. तवर मी मावशीसंगं जाते."

"आन् मी घेतलं न्हाई तर?" मुकादमांचा आवाज चढला. "ह्यो काय पोरखेळ हाय? काशिनाथ, तूच सांग हिला."

काशिनाथनं बशी खाली ठेवली. "घ्या त्यांस्नी, बाबुराव," तो म्हणाला. "त्या साली मी मागल्याच सरीत व्हतो. मावशी आजारी आसतानी बी ह्यांची सर मागं ऱ्हायली न्हाई. मी भावाच्या गाडीवर जाईन."

मुकादमांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, टोपी झटकली आणि म्हणाले, "जावा तिकडं. पन मागं पडलात तर मला बोलू नका." आक्का रिकाम्या कपबश्या उचलून मागल्या दारी विसळायला गेली.

आई संतापानं लाल झाली होती. मुकादम पुढे गेले. काशिनाथ वहाणा घालायला उंबऱ्याशी रेंगाळला. मग आईला हळूच म्हणाला, "काकी, भाकरीला पानी ऊन घ्यायचं आसतंय का गार?"

आई उंबऱ्यापाशी आली. तिला कुठल्या पुरुषानं हे कधी विचारलं नव्हतं. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नसावं.

"जुनं पीठ आसंल तर ऊन," ती म्हणाली. "आन् पैली भाकरी मोडतीच. सोडायचं न्हाई."